दीड हाताची वायर

काल दुपारी साताऱ्याच्या स्टँडमागं रस्ता ओलांडायला उभा होतो. वाईकडून आलेला हळदीच्या पोत्यांचा एक ट्रक समोरून गेला. ताडपत्री नीट बांधलेली नव्हती. भस्सकन पिवळी धूळ तोंडावर आली. मी शिंकलो, ड्रायव्हरला दोन फौजी शब्द ऐकवले आणि घरी आलो. तोंड धुवायला नळाखाली वाकलो आणि तसाच थांबलो. संध्याकाळपर्यंत धुतलंच नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि सांगायला घरात कुणी नाहीही.

फौजेतल्या माणसाला ऋतू नसतात, छुट्ट्या असतात. वर्षाला दोन महिने काय ते आपलं शेत, आपली भाकरी, आपली माणसं. बाकीचं वर्ष दुसऱ्या मुलखातला पाऊस आणि दुसऱ्या मुलखातली थंडी. म्हणून मला माझी सालं आकड्यांनी आठवत नाहीत. ती उसाच्या लागणीची छुट्टी, ती ज्वारीच्या सुगीची छुट्टी, अशी आठवतात. त्यातली एक हळदीची. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची असेल. बाकीच्या छुट्ट्या एकमेकींत मिसळून गेल्या, ही एवढी वेगळी राहिली. माघ सरत आला, हळद निघायला लागली, की ती येतेच. बोलवावी लागत नाही.

आमचा मळा कृष्णेच्या काठाला, कराड आणि सांगलीच्या मधे. शेतातच घर, मागं विहीर, पुढं खळं. घरात थोरले दादा, वहिनी, माझी बायको मंदा आणि माझी मुलगी रंजी. दादा-वहिनींना मूलबाळ झालं नाही. रंजी चार महिन्यांची असताना मंदा विषमज्वरानं अंथरुणाला खिळली, तेव्हा वहिनींनी पोर उचलली ती उचललीच. वरचं दूध त्यांनी पाजलं. पहिलं पाऊल तिनं टाकलं ते त्यांच्या बोटाला धरून. दादा तर तिला खांद्यावरून खाली ठेवत नसत. ती दादांना आबा म्हणायची, वहिनींना मोठ्याई, मंदाला आई. मला काहीच म्हणत नव्हती, कारण मी नसायचोच.

त्या वर्षी फाट्यावर एसटीतून उतरलो आणि ट्रंक डोक्यावर घेऊन मळ्यात आलो. सहा वर्षांची रंजी खळ्यात हळदीचे गड्डे मोडत बसली होती, कोपरापर्यंत पिवळी. मला बघितलं, उठली आणि आत पळत गेली. "मोठ्याई, पाव्हणं आल्यात."

सगळे हसले. मीही हसलो. हसण्यावारी न्यायचीच गोष्ट होती ती. दोन दिवसांत वहिनीही चेष्टेनं म्हणायला लागल्या, "पाव्हण्यास्नी चा द्या गं." मी चहा घ्यायचो आणि घरात माझी म्हणावी अशी जागा कुठली, ते शोधत बसायचो. खुंटीवर दादांची टोपी, दादांचा आसूड, रंजीची पाटी. माझी ट्रंक तेवढी दाराशी, आल्या दिवशी ठेवली तिथंच.

आता कुणी म्हणेल, उचलून घ्यायची होती पोरीला. तुमच्याकडं घेत असतील. आमच्याकडं वडीलधाऱ्यांपुढं स्वतःच्या पोराला हात लावायची रीत नव्हती. भावाच्या पोराला खांद्यावर घेऊन गावभर हिंडा, कुणी काही म्हणायचं नाही. आपल्या पोराचा मुका घेतला की माणूस निलाजरा ठरायचा. मलाही वडलांनी कधी उचललेलं आठवत नाही, चुलत्यानं उचललं. मोठी घरं अशानंच चालायची, त्यात काही वाकडं होतं असं मी म्हणत नाही. पण मला चुलत्यानं उचललं तेव्हा माझे वडील निदान त्याच घरात होते.

आणि त्या खेपेला मी एक बेत करून आलो होतो. झाशीला मला फॅमिली क्वार्टर मंजूर झाली होती. दोन खोल्या, पुढं कडुनिंब, जवळ शाळा. तीन वर्षं तरी हलवत नाहीत, असं सुभेदारसाहेब म्हणाले होते. छुट्टी संपली की मंदाला आणि रंजीला बरोबर न्यायचं. मंदाला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत तिचे.

"मी येती," ती म्हणाली. "पर पोरगीला वढून न्यायाची न्हाई. ती आपल्या तोंडानं येती म्हणली, तर मी बी आली. न्हाईतर आमी दोगी हितं."

म्हणजे दोन महिन्यांत मला माझ्याच मुलीशी ओळख काढायची होती. त्यासाठी ट्रंकेत एक वस्तू आणली होती.

आमच्या युनिटमध्ये कारवारकडचा एक नायक होता. त्याचा भाऊ बोटीवर. त्यानं कुठल्या तरी बंदरातून ते यंत्र आणलं, आणि गावी त्यांच्याकडं टीव्हीच नाही. माझं घड्याळ आणि कॅन्टीनच्या रमच्या चार बाटल्या देऊन मी ते घेतलं. नारिंगी प्लॅस्टिकची पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. दोन बाजूंना दोन वायरी, टोकाला साबणाच्या वडीएवढ्या दोन डब्या, त्यावर रेडिओच्या आवाजाला असतं तसं गोल बटण. टीव्हीला जोडलं की काचेवर मधोमध एक तुटक रेघ, दोन कडांना दोन उभ्या पट्ट्या, आणि इकडून तिकडं पळणारा पांढरा ठिपका. बटण फिरवलं की आपली पट्टी वर-खाली होते. ठिपका अडवायचा. सुटला की समोरच्याला गुण. पंधरा गुण झाले की डाव संपला. झालं, एवढंच. आजच्या पोरांना दाखवलं तर विचारतील, मग खेळ सुरू कधी होणार?

टीव्ही माझ्याकडं तरी कुठं होता? पण तो कुठं आहे ते मला ठाऊक होतं. सांगलीला आमचे हळदीचे आडते, नेमूअण्णा. वडलांच्या वेळेपासून आमची हळद त्यांच्याच आडतीत. अण्णांनी पुण्यात पाहुण्यांकडं टीव्ही बघितला आणि हौसेनं विकत आणला. पुण्याला दिसत होता, सांगलीत नुसत्या मुंग्या. छपरावर तीस फुटी पाइप उभा केला, तरी मुंग्याच. शेवटी काकूंनी त्यावर विणलेला रुमाल घातला आणि वर पितळेचा मोर ठेवला. मी जाऊन अण्णांना सगळं खरं ते सांगितलं. त्यांनी मोर उचलून बाजूला ठेवला.

"घेऊन जा," अण्णा म्हणाले. "तुझी हळद येईल त्याच गाडीत परत आण. एकदा तरी त्यात काहीतरी दिसू दे बाबा."

गूळ उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला. टीव्ही वाकळेत गुंडाळला आणि मागं हौद्यात त्याला मिठी मारून बसलो. पलूसपर्यंत माझे दोन्ही हात आखडले. रस्त्याकडेच्या मळ्यांतून हळद शिजत होती. काहिलींवर पाला रचलेला, खाली जाळ, आणि तो वास, मातीचा, औषधाचा, उकडलेल्या रताळ्याचा, सगळा एकात एक. झाशीला, आसामात, कुठंही तो वास मला कधी आला नाही. आणि नाही आला हे तिथं कुणाला कळायचंही कारण नव्हतं.

जोडणी माझ्या हातची. मी सिग्नलमधला माणूस, वायरी बघितल्या की मला बरं वाटतं. बरोबरचं पुस्तक कुठल्या भाषेत होतं देव जाणे, चित्रं बघून काम भागवलं. टीव्हीच्या पाठीमागं अँटेनाची तार जिथं लावतात तिथं या पेटीची तार लावायची, आणि चॅनेलचं बटण फिरवत बसायचं, कुठंतरी चित्र धरेपर्यंत. तीन दिवस मी ते करत होतो. सोप्यात टीव्ही, पुढं मी, भोवती पेचकस आणि पक्कड. पहिल्या दिवशी रंजी दाराच्या चौकटीला टेकून होती. दुसऱ्या दिवशी आत आली आणि मी काढलेले स्क्रू तळहातावर घेऊन उभी राहिली. एकही सांडला नाही तिनं. बोलली मात्र काही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बटण केसभर सरकवलं, आणि मुंग्यांतून दोन उभ्या पट्ट्या वर आल्या. पण चित्र खालून वर पळायला लागलं, थांबेचना. टीव्हीच्या मागं त्यासाठी एक बारीक बटण असतं. मी मागं जाऊन ते पिळायला लागलो. मला पुढचं दिसेना. "थांबलं की सांग," मी म्हणालो. बराच वेळ काही नाही. मग पुढून आवाज आला, "आता हुबं ऱ्हायलं, पाव्हणं."

त्या खेपेला माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. टीव्हीच्या मागं धुळीत डोकं घालून मी ते ऐकलं, हे बरंच झालं. तोंड कुणाला दिसलं नाही.

घरात नवी वस्तू आली की तिची पूजा होते. बैल असो, मोटार असो, शिलाईचं यंत्र असो. दादांनी टीव्हीपुढं नारळ फोडला. वस्तीवरची दहा-बारा माणसं जमली होती. मुंबईचा सिनेमा दिसणार म्हणून आलेली. पांढरा ठिपका बघून एक जण म्हणाला, "आनि माणसं कवा येत्यात?" कुणी हसलं नाही, कारण तोच प्रश्न सगळ्यांना पडला होता. एवढ्यात वहिनी पुढं झाल्या. ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि बैलाच्या कपाळाला लावावं तसा बरोबर काचेच्या मधोमध टिळा ओढला. त्यावर हळद, त्यावर अक्षता.

मी खिशातनं रुमाल काढला. काचेवर कुंकू म्हणजे खेळाचं वाटोळं. तर मंदानं माझं मनगट धरलं. दादा-वहिनींसमोर तिनं मला कधी हात लावला नव्हता, त्या दिवशी लावला.

"पुसू नका," ती म्हणाली. "छुट्टी सपली की परत जायाचं हाय तुमाला."

फौजीच्या घरात कुंकू पुसायला हात कुणाचा धजणार? मी रुमाल खिशात घातला. कुंकू तिथंच राहिलं, दोन महिने. अक्षता वाळून पडल्या, टिळा सुकून काचेला घट्ट बसला. ठिपका पळत पळत मधे आला की त्या टिळ्यामागं नाहीसा व्हायचा, आणि पलीकडून कुठं निघेल ते आधीच ओळखून पट्टी तिथं न्यायची. ज्यानं ते यंत्र बनवलं त्याच्या बापाला सुचला नसता असा तो खेळ झाला. रंजीला ते फार लवकर जमलं. मी मोठा वायरलेसवाला, मला शेवटपर्यंत धड जमलं नाही.

आणि वायरी आखूड. दीड हाताच्या. बनवणारानं पैसे वाचवले असतील. पेटी टीव्हीपुढच्या पाटावर, दोन डब्या दोन बाजूंना, खेळायचं तर दोघांनी पाटाला गुडघे लावून, खांद्याला खांदा घासून बसायला लागायचं. यात रीत मोडत नव्हती. मी पोरीला उचललं नव्हतं, जवळ घेतलं नव्हतं, मी यंत्र चालवत होतो. दादा येऊन बघून गेले, तेही काही बोलले नाहीत. उलट दुपारी दोन ते चार विहिरीवरची मोटार त्यांनी आपण होऊन बंद ठेवली. मोटार चालली की विजेचा दाब उतरायचा आणि टीव्हीतलं चित्र दोन्ही बाजूंनी आत आक्रसायचं. "खेळू दे पोरीला," ते म्हणाले, "उसाला रातीला पानी दिऊ."

दुपारी सगळे हळदीकडं. खळ्यात शिजलेली हळद पसरलेली, तिच्यावर ऊन. सोप्यात थंड शेण-सारवण, आणि त्या पेटीचा टॉक, टॉक असा आवाज. माझ्या डाव्या दंडाला एक छोटा, गरम दंड. त्या दंडाला हळदीचा वास. त्यापेक्षा जास्त मी त्या दोन महिन्यांत काही मागितलं नाही, आणि त्यानंतर तेवढंही मला कधी मिळालं नाही.

सुरुवातीला मी मुद्दाम हरायचो. सगळे बाप हरतात तसाच. चौथ्या-पाचव्या डावाला रंजीनं डबी खाली ठेवली.

"तुमी सोडताय."

"न्हाई गं. मला जमत न्हाई."

"आबा न्हाईत सोडत. आबा चिंचोक्यात मला रडवत्यात." आणि उठून गेली. दोन दिवस आली नाही. मी एकटा त्या यंत्रापुढं बसून होतो. एकट्यानं खेळायची त्यात सोय नव्हती. एका पट्टीशी कुणी नसलं की ठिपका सरळ निघून जायचा आणि गुण वाढत राहायचे. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, आज रडवतो तुला. आली. पंधरा-चारनं हरवली. रडली नाही, पण नाक लाल झालं. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी पाटापुढं येऊन बसली होती.

परवा पुण्याला रंजीकडं गेलो होतो. नातू बारावीला आहे, अभ्यास सोडून सगळं करतो. त्याच्याकडं असला नवा खेळ आहे, भिंतीएवढ्या टीव्हीवर. मी विचारलं, "जोडून देऊ का?" तो म्हणाला, "आजोबा, आता जोडायचं काही नसतं." खरंच नव्हतं. वायरच नाही. हातातला तो खटका घेऊन तो पलंगावर आडवा, त्याचा जोडीदार कुठल्याशा दुसऱ्या देशात. रंजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊ, चहा घेताय ना?" मला सगळं जग भाऊ म्हणतं, तीही म्हणते. चांगली लेक आहे. दर रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, आणि पाच मिनिटांनी दोघांकडचं बोलणं संपतं. मग फोन ठेवायचा कुणी, यावर आम्ही दोघं अडतो.

छुट्टीचा दीड महिना झाला असेल. हळद वाळत आली होती, टिचकी मारली की वाजायला लागली होती. तोवर रंजी मला रोज हरवत होती. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. तिचे चौदा गुण झाले की तिचा हात मऊ पडायचा. ठिपका ती परतवायची, पण अशी, की मला सहज मिळावा. मी परतवायचो. ती परतवायची. टॉक, टॉक, टॉक. कुंकवामागं जायचा, पलीकडं यायचा. पाच-पाच, दहा-दहा मिनिटं तो ठिपका कुणीच सोडायचं नाही. पंधरावा गुण झाला की डाव संपतो, आणि डाव संपला की मोठ्याई हाक मारते. तिला जिंकायचं नव्हतंच. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ठिपका सुटला असता.

अशाच एका दुपारी चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं. पट्ट्या जवळ जवळ सरकल्या. बाहेर मोटार सुरू झाली होती. मी दाराकडं बघितलं. दादा उंबऱ्यात उभे होते, पाय घोट्यापर्यंत हळदीनं पिवळे. ते आम्हा दोघांकडं बघत होते, म्हणजे आमच्या पाठींकडं. मग वळून गेले. ऊस आदल्या दिवशीच भिजला होता. थोड्या वेळानं मोटार बंद झाली, चित्र पुन्हा पसरलं. रंजीला काही कळलं नाही. तिनं विचारलं, "का थांबलाय?"

संध्याकाळी खळ्यावर गेलो. दादा वाळत्या हळदीतून पाय ओढत, ती फिरवत चालले होते. मीही चपला काढून त्यांच्या मागं पाय ओढायला लागलो. दोन फेऱ्या झाल्या.

"मंदानं सांगितलं तुज्या वैनीला," ते पाठमोरेच म्हणाले. "क्वाटर मिळालीया म्हनं."

"व्हय."

"मोटार म्या उगंच चालू केली मगाशी. पाण्याची गरज न्हवती."

"असू दे, दादा."

"असू दे कसं? चूक ती चूक." आणखी अर्धी फेरी गेली. "पोरगी तुजी हाय. न्हे. येती म्हनंल आता ती, मला दिसतंय की. आमचं काय, आमी दोगं हळदीच्या नादात असतो. व्हईल सवय."

त्यांचा आवाज साधाच होता. ते मागं वळले असते तर कदाचित मी वेगळा वागलो असतो. वळले नाहीत. घरी आलो तर वहिनी कंदिलाशी बसून रंजीच्या फ्रॉकांच्या दुमडी उसवत होत्या. खालची दुमड उसवून लांबी वाढवायची, म्हणजे वाढत्या पोरीला पुढच्या वर्षीही बसतो. चार फ्रॉक होते. चारीच्या दुमडी त्यांनी उसवल्या. मग एकेक बोटानं मोजून पाहिलं, दोन वर्षं पुरतील का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मंदाला सांगितलं, "पोरीचं मन न्हाई. मी इचारलं." मी विचारलं नव्हतं. मंदानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, बरं. क्वार्टर एका हरियाणाच्या हवालदाराला गेली. तेव्हा मला वाटलं, आपण मन मोठं केलं. लोकांनीही तसंच म्हटलं असतं. आज इतक्या वर्षांनी, घरात एकटा बसलेला असताना, मला तेवढं मोठेपण वाटत नाही. वहिनींचे हात मला बघवले नाहीत हे खरं. पण झाशीला, आणि पुढं बदली होईल तिथं, रोज संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन त्या पोरीचा बाप व्हायचं, वीस-पंचवीस वर्षं, ते मला येईल का याची मला धास्ती वाटली हेही तितकंच खरं. दीड हाताची वायर होती तोवर मी बाप होतो. पुढचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

रंजीच्या लग्नात कन्यादान दादा-वहिनींनी केलं. मीच तसं सुचवलं, आणि सगळ्यांना ते बरोबर वाटलं. मी पंगतीत बुंदी वाढत होतो. मांडवातून वळून बघितलं तेव्हा दादा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, आणि मुलाकडचा एक म्हातारा मला विचारत होता, "आपण मुलीचे कोण?" मी म्हणालो, "वडील." तो म्हणाला, "असं होय?" आणि आणखी बुंदी मागितली. आता दादा नाहीत, वहिनी नाहीत. तीन वर्षांपूर्वी मंदाही गेली. मंदाला शेवटपर्यंत एक गोष्ट मी सांगितली नाही. दवाखान्यात शेवटचे आठ दिवस मी तिच्या उशाशी होतो, रोज सकाळी वाटायचं आज सांगावं. ती उशाकडं हात आणून माझा हात चाचपायची आणि तो दिवस तसाच जायचा.

हळद भरून आम्ही सांगलीला नेली. अण्णांचा टीव्ही त्याच गाडीत, पोत्यांच्या मधे, कुंकवासकट. अण्णांनी विचारलं, "दिसलं का काही?" मी म्हणालो, "दिसलं." माझी गाडी दुपारची होती. हळदीच्या हिशेबाला दादा आलेच होते, रंजीही त्यांच्या मागं लागून आली होती. मंदा मळ्यात राहिली. ती निरोपाला कधी स्टेशनवर येत नसे.

फलाटावर माझी ट्रंक उभी करून दादा पाण्याची सुरई भरायला गेले. बाकावर मी आणि रंजी. दोन महिन्यांत यंत्राशिवाय आम्ही एकमेकांशेजारी पहिल्यांदाच बसलो होतो. तिनं वहिनींनी लांबी वाढवलेला फ्रॉक घातला होता, गुडघ्यांच्या खाली बराच आलेला. पाय हलवत होती. मग थांबली.

"म्या बी येऊ?"

मला ऐकू आलं. चांगलं ऐकू आलं. नळाशी दादांची पाठ दिसत होती, एका हातानं ते सुरई धरून उभे होते आणि सुरई भरून वाहायला लागली तरी उचलत नव्हते.

"तिथं लाईट न्हाई," मी म्हणालो. "तिथं टीव्ही लागत न्हाई. ठिपक्याचा खेळ कुठनं खेळायचा आपण?"

झाशीला लाईट होती. टीव्हीही कुठून तरी मिळवला असता. तिनं ते सगळं खरं मानलं. खाली बघून बराच वेळ विचार केला, आणि मग अडचणीतून वाट सापडावी तसा तिचा चेहरा उजळला.

"नसू द्या की," ती म्हणाली. "आपण नुसतं बसू."

दादा सुरई घेऊन येत होते. मी म्हणालो, "आबा आलं बघ. जा, त्यांच्या हातातलं घे." ती उतरली आणि गेली.